मेंदूतील रक्ताची वाट शोधणारे मोनिझ

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू होते. उलट्या होतात, मान ताठ होते, कधी शुद्धही हरपते. रुग्णालयात सीटी स्कॅन केल्यावर मेंदूभोवती रक्त साचलेले दिसते. वाशी असो, नेरूळ असो की बेलापूर, अशा रुग्णाच्या नातेवाइकांपुढे डॉक्टर पुढच्या तपासणीचा संमतीचा कागद ठेवतात. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी मानेतल्या धमनीपर्यंत नेली जाते, तिच्यातून औषध सोडले जाते आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे झाड उमटते. त्या झाडाच्या एखाद्या फांदीच्या बेचक्यात मोत्याएवढा फुगा दिसतो. हाच अ‍ॅन्युरिझम. तो कुठे आहे, त्याची मान रुंद आहे की अरुंद, रक्त त्यात कसे शिरते आणि कसे बाहेर पडते, यावर पुढचे सारे उपचार ठरतात.

जिवंत माणसाच्या मेंदूतले हे झाड पहिल्यांदा नीट दिसले ते २८ जून १९२७ रोजी, पोर्तुगालमधील लिस्बन शहरात. ते दाखवणारे डॉ. एगास मोनिझ तेव्हा ५२ वर्षांचे होते. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती, त्यामुळे सुरी हातात धरणे त्यांना जमत नसे. त्याआधीची अनेक वर्षे राजकारणात गेली होती. खासदार, राजदूत, परराष्ट्रमंत्री अशी पदे भूषवून ते दवाखान्यात परतले होते. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते या शोधासाठी नव्हे. ज्यासाठी मिळाले त्याचा उल्लेख आज वैद्यकशास्त्रात मान खाली घालून केला जातो.

मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी उत्तर पोर्तुगालमधील आवांका या गावी, जुन्या जमीनदार घराण्यात झाला. घरचे नाव आंतोनियो काएतानो दे आब्रेउ फ्रेइरे. बारशाच्या वेळी धर्मगुरू असलेल्या काकांनी आग्रह धरला की मुलाच्या नावाला एगास मोनिझ हे नाव जोडावे. बाराव्या शतकातला एगास मोनिझ हा पोर्तुगालच्या पहिल्या राजाचा पालक. राजाने शब्द मोडला, तेव्हा हा पालक गळ्यात दोर अडकवून, बायकामुलांसह शत्रुराजापुढे जाऊन उभा राहिला, अशी त्याची आख्यायिका तिथे पोरासोरांना माहीत असते. आपले घराणे त्याच्याच वंशातले, अशी काकांची समजूत होती. ते नाव मुलाला इतके चिकटले, की मूळ नाव मागेच पडले.

कोइंब्रा विद्यापीठातून १८९९ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते बोर्दो आणि पॅरिसला मज्जाशास्त्र शिकायला गेले. तळपायावर टोकदार वस्तू ओढून अंगठा वर जातो का ते पाहणारी तपासणी आजही डॉक्टर करतात. तिचे जनक बाबिन्स्की हे त्यांच्या गुरूंपैकी एक. मायदेशी आल्यावर लैंगिक जीवनाविषयी लिहिलेल्या ग्रंथाने त्यांना एकदम प्रसिद्धी आणि थोडी बदनामीही मिळवून दिली. १९०३ मध्ये ते संसदेत निवडून गेले. राजेशाहीविरोधी कटात तुरुंगाची हवाही खाऊन आले. १९१० मध्ये राजेशाही गेली, १९११ मध्ये लिस्बन विद्यापीठात मज्जाशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, तरी राजकारण सुटले नाही. १९१७ मध्ये स्पेनमध्ये राजदूत, १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत पोर्तुगीज शिष्टमंडळाचे प्रमुख. १९१९ मध्ये सरकार बदलले आणि ही कारकीर्द संपली. वैद्यकाच्या दृष्टीने हे बरेच झाले म्हणायचे.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा त्यांचा एक धागा गोव्यातून जातो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, निजलेल्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या पाद्रीचा पुतळा अनेकांनी पाहिला असेल. तो कांदोळी गावात १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारियांचा. संमोहन ही संमोहन करणाऱ्याच्या अंगातली जादू नसून ती समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडणारी क्रिया आहे, हे फारियांनी पॅरिसमध्ये मांडले आणि तिथे टवाळी सोसली. मोनिझ स्वतः रुग्णांवर संमोहनाचा प्रयोग करीत. त्यांनी १९२५ मध्ये या गोमंतकीय पाद्रीवर आणि संमोहनाच्या इतिहासातील त्यांच्या स्थानावर पुस्तक लिहिले. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, पण लिस्बनच्या नामवंत प्राध्यापकाने कांदोळीच्या माणसाला वैज्ञानिक म्हणून उभे करावे, ही साधी गोष्ट नव्हती. मोनिझ यांचा हा छंद पुढेही टिकला. कादंबरीकारांवर, चित्रकारांवर, अगदी पत्त्यांच्या खेळाच्या इतिहासावरही ते लिहीत राहिले.

या पुस्तकानंतर वर्षभरात त्यांच्या डोक्यात मेंदूच्या धमन्या घोळू लागल्या. तेव्हाची अडचण अशी होती की कवटीच्या आत गाठ असली तरी ती नेमकी कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, मेंदू दिसत नाही. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्रे काढायची रीत काढली होती. ती उपयोगी होती, पण कवटीला भोक पाडावे लागे आणि रुग्णाचे हाल होत. मोनिझ यांचा विचार वेगळा होता. रक्त मेंदूच्या कानाकोपऱ्यात जातेच. रक्तातच क्ष-किरण अडवणारे काही मिसळले, तर ते जिथून जाईल तिथली वाट आपोआप उमटेल. गाठ असेल तिथे ती वाट बाजूला ढकललेली दिसेल.

मग असा पदार्थ कोणता? अणू जितका जड, तितके क्ष-किरण तो जास्त अडवतो. ब्रोमीनचा अणुक्रमांक ३५, स्ट्रॉन्शियमचा ३८, आयोडीनचा ५३. ब्रोमाइडची औषधे त्या काळी फेफऱ्यासाठी सर्रास दिली जात, म्हणून मोनिझ यांनी सुरुवात तिथून केली. मृतदेहांच्या डोक्यांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. कवटीच्या आत किती तीव्रतेचे द्रावण ठळक दिसते, धमन्यांची नेहमीची ठेवण कशी असते, याचा नकाशा आधी शवांवरून तयार झाला. सुरी धरायला हात निकामी, म्हणून प्रत्यक्ष काम त्यांचे तरुण सहकारी पेद्रो आल्मेइदा लिमा करीत. मोनिझ बाजूला उभे राहून सांगत.

मग माणसांवर प्रयोग सुरू झाले. इथे ही कथा अवघड होते. पहिल्या काही रुग्णांत सुईतून दिलेले औषध नीट पोहोचलेच नाही. पुढे मान उघडून धमनीतच टोचायचे ठरले. सहाव्या रुग्णाच्या चित्रात काही धमन्या उमटल्या, पण तो रुग्ण धमनीत रक्ताची गुठळी होऊन दगावला. रुग्णाची लेखी संमती, नैतिक समिती, जोखमीचे आगाऊ मूल्यमापन यातले काहीही तेव्हा नव्हते. मोनिझ हादरले आणि त्यांनी काम थांबवले, ते मुख्यतः द्रावण बदलण्यापुरते. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड सोडून त्यांनी २५ टक्के सोडियम आयोडाइड घेतले. ते कमी त्रासदायक होते आणि आयोडीन जड असल्यामुळे चित्रही अधिक गडद येणार होते.

नववा रुग्ण २० वर्षांचा तरुण होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत त्याला गाठ होती. २८ जूनला त्याच्या मानेतील धमनी उघडून द्रावण सोडले गेले आणि काचपट्टीवर मेंदूच्या धमन्या उमटल्या. गाठीने त्या बाजूला सारलेल्या स्पष्ट दिसत होत्या. अवघ्या नऊ दिवसांनी, ७ जुलैला, मोनिझ यांनी पॅरिसच्या मज्जाशास्त्र परिषदेत ती चित्रे दाखवली. लिस्बन तेव्हा वैद्यकाच्या नकाशावर काठावरचे गाव होते. तिथून असे काही यावे याचे पॅरिसला आश्चर्य वाटले. पुढच्या काही वर्षांत त्याच शहरातील रेनाल्दो दुश सांतुश यांनी पोटातील महाधमनीचे आणि लोपो दे कार्व्हाल्यो यांनी फुप्फुसातील वाहिन्यांचे चित्रण साधले. लहानशा शहरात एकाने दार उघडले की शेजारीही आत शिरतात, तसे झाले.

या पहिल्या चित्रांत एक विसंगती होती. सुरुवातीच्या तंत्रात औषध सोडताना मानेतील धमनी काही क्षण बांधून ठेवत. क्ष-किरण यंत्रे तेव्हा मंद होती, रक्त वेगाने निघून गेले तर काचपट्टीवर काही उमटणार नाही अशी भीती होती. म्हणजे मेंदूतील रक्तप्रवाहाचे पहिले चित्र प्रवाह थांबवून काढलेले होते. त्यात वाट दिसत होती, वाहणे दिसत नव्हते.

मोनिझ यांना ते खटकत असावे, कारण पुढची काही वर्षे त्यांनी वाहण्याच्याच मागे घालवली. त्यांचे क्ष-किरणतज्ज्ञ सहकारी परेइरा काल्दास यांनी एक फिरते यंत्र बनवले. जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखे ते फिरे आणि एकामागून एक काचपट्टी क्ष-किरणांसमोर आणून ठेवी. त्यामुळे एकाच इंजेक्शनच्या, ठराविक अंतराने काढलेल्या अनेक चित्रांची माळ मिळू लागली. पहिल्या चित्रात धमन्या, नंतरच्या चित्रात केशवाहिन्यांचा धूसर ढग, त्यापुढच्यात नीला. आता रक्त मेंदूत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजता येऊ लागला. हा प्रवास काही सेकंदांतच संपतो हे दिसले. शिवाय मेंदूच्या आतले रक्त कवटीवरील कातडी आणि स्नायूंमधल्या रक्तापेक्षा वेगाने जाते, हेही मोनिझ यांनी याच चित्रांवरून दाखवले. घड्याळ आणि काचपट्टी यांवर जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्ताचा वेग मोजण्याचा हा पहिलावहिला गंभीर प्रयत्न होता.

याच काळात, १९३३ मध्ये, मोनिझ यांनी मेंदूच्या धमनीवरचा फुगा जिवंत रुग्णात चित्रित करून प्रसिद्ध केला. तोवर अ‍ॅन्युरिझमचे निदान बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर होई. १९३७ मध्ये बाल्टिमोर येथे डँडी यांनी पापणी लोंबकळलेल्या एका रुग्णाची कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीची चिमटी बसवली आणि रक्ताचा मार्ग बंद केला. चिमटी बसवण्यासाठी फुगा आधी कुठे आहे ते ठाऊक हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही दोन्ही कामे, मोनिझ यांचे चित्र आणि डँडी यांची चिमटी, हातात हात घालून जगभर पसरली.

हा फुगा बनतो कसा? मेंदूला दर मिनिटाला साधारण ७०० ते ७५० मिलिलीटर रक्त लागते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा हा जवळजवळ सातवा हिस्सा. ते चार धमन्यांतून वर येते आणि मेंदूच्या तळाशी एका कड्यात मिसळते. हे कडे सतराव्या शतकात टॉमस विलिस यांनी वर्णिले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. कड्यातून फांद्या फुटतात. जिथे एका नळीच्या दोन होतात, त्या बेचक्यावर येणारे रक्त थेट आदळते. मोरबे धरणाची जलवाहिनी जिथे वळते किंवा दुभंगते, तिथे पाण्याचा मार जास्त बसतो, तसेच. मात्र लोखंडी नळाला जाणीव नसते, धमनीच्या आतल्या अस्तराला असते. रक्त भिंतीला घासून जाताना किती जोराने ओढते, हे त्या पेशींना कळते आणि त्यानुसार त्या भिंत जाड-पातळ करत राहतात. ही घासण फार वाढली की अस्तर फाटते, भिंतीतला लवचीक थर झिजतो आणि तिथे फुगवटा येऊ लागतो.

फुगा बनल्यावर मात्र गणित उलटते. पावसाळ्यात नाल्याच्या कोपऱ्यात पाणी गोल गोल फिरत राहते आणि कचरा तिथेच साचतो. तसे फुग्याच्या पोटात रक्त रेंगाळते. तिथे घासण फारच कमी पडते, भिंतीत दाह सुरू होतो आणि ती कुठे जाड, कुठे कागदासारखी पातळ होते. फुटण्याला जास्त घासण कारणीभूत की कमी, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. दोन्ही वाटांनी फुगा फुटत असावा, याकडे आता अनेकांचा कल आहे.

हा वाद विद्यापीठापुरता नाही. साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर फुटत नाहीत. फुटला तर मात्र जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्ण जगत नाहीत आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय केला आणि चुकून फुगा सापडला, असे आता वारंवार होते. मग त्याला हात लावायचा की तसाच ठेवायचा? उपचारातही पक्षाघाताची आणि मृत्यूची जोखीम असते. डॉक्टर आज फुग्याचा आकार, त्याची जागा, त्याला आलेले कोंभ, रक्तदाब, धूम्रपान, घरात कुणाला असा त्रास होता का, हे सारे पाहून ठरवतात. मोनिझ यांच्या काचपट्टीतून मिळाली तशीच ही माहितीही मुख्यतः आकाराची आहे. प्रवाहाची माहिती त्यात जोडता आली तर निर्णय पक्का होईल, ही जगभरच्या संशोधकांची धडपड आहे.

ती अशी चालते. क्ष-किरण यंत्र रुग्णाच्या डोक्याभोवती फिरवून फुग्याचे त्रिमितीय चित्र घेतले जाते. संगणक त्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातल्या रक्तासाठी द्रवगतीची समीकरणे सोडवतो. ही समीकरणे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील नाव्हिए आणि ब्रिटनमधील स्टोक्स यांनी मांडली. हृदयाचा एक ठोका पडेपर्यंत रक्त कुठून शिरले, कुठे भिंतीवर आदळले, कुठे भोवऱ्यात अडकले, हे रंगीत चित्रात दिसते. पण समीकरणाला सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो: फुग्याकडे रक्त येते किती वेगाने? तो डॉप्लर सोनोग्राफीने किंवा एमआरआयच्या खास पद्धतीने त्याच रुग्णात मोजायला हवा. पुष्कळदा तो मोजलेला नसतो आणि निरोगी माणसांची सरासरी वापरली जाते. धमनीची त्रिज्या मोजताना झालेली लहानशी चूकही महागात पडते, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाने त्यातून जाणारा प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. पॅरिसचे डॉक्टर प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांवर हे सिद्ध केले होते. शिवाय धमनीची भिंत प्रत्येक ठोक्याला हलते. बहुतेक नमुन्यांत ती ताठ धरतात. एकच फुगा वेगवेगळ्या गटांना सोडवायला दिला तेव्हा सर्वांची उत्तरे जुळली नाहीत, असा अनुभव आहे. म्हणून रंगीत चित्र कितीही देखणे असले तरी आजचा शहाणा डॉक्टर केवळ त्यावरून शस्त्रक्रिया ठरवत नाही.

उपचारांनी मात्र प्रवाहाचा विचार केव्हाच मनावर घेतला आहे. १९९० च्या दशकात फुग्यात प्लॅटिनमची मऊ तार गुंडाळून भरण्याची रीत आली, त्यामुळे अनेकांची कवटी उघडणे टळले. त्यानंतर आली दाट विणीची जाळीदार नळी. ती फुग्यात नाही, तर फुग्याच्या तोंडावरून धमनीतच बसवतात. रक्त सरळ पुढे जाते, फुग्यात शिरणारा झोत मंदावतो, आतले रक्त गोठते आणि काही महिन्यांत धमनीचे अस्तर त्या जाळीवर वाढून तोंड बुजते. अमेरिकेत अशा पहिल्या नळीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाला मात्र काही महिने रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे न चुकता घ्यावी लागतात. ती मनाने बंद केली तर नळीत गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. नळी बसवण्याआधी संगणकावर बसवून पाहायची आणि झोत किती कमी होतो ते मोजायचे, हे गणिती नमुन्यांचे आजचे सर्वांत व्यवहारी काम आहे.

मोनिझ यांच्याकडे परत यायचे तर, प्रवाहाच्या मोजमापाची वाट त्यांनी अर्ध्यावर सोडली. त्याआधी एक मोठी चूक होऊन गेली होती. १९३१ पासून त्यांनी सोडियम आयोडाइडऐवजी थोरोट्रास्ट वापरायला सुरुवात केली. ते टोचताना दुखत नसे, झटके येत नसत आणि चित्र अप्रतिम येई. त्यातले थोरियम मात्र किरणोत्सारी. ते शरीराबाहेर पडत नाही, यकृतात आणि प्लीहेत जन्मभर बसून राहते. दोन-तीन दशकांनी या रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग दिसू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात ते बंद झाले. जगभर अनेक डॉक्टरांनी ते वापरले, एकट्या मोनिझ यांच्यावर खापर फोडता येणार नाही. परंतु नवे साधन हाती आले की परिणाम दिसायची वाट न पाहता पुढे जायचे, ही त्यांची वृत्ती यात दिसते.

तीच वृत्ती नोव्हेंबर १९३५ मध्ये अधिक भयंकर रूपात आली. मनोविकार बरे करण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायचे, ही ल्यूकोटॉमीची शस्त्रक्रिया. हातही पुन्हा आल्मेइदा लिमांचेच. पहिल्या २० रुग्णांचे निष्कर्ष काही महिन्यांतच प्रसिद्ध झाले. रुग्ण शांत झाले एवढे पाहिले गेले, ते काय गमावून बसले हे पुरेसे पाहिले गेले नाही. अमेरिकेत या शस्त्रक्रियेचे लोण हजारोंपर्यंत पोहोचले. १९३९ मध्ये मोनिझ यांच्यावर त्यांच्याच एका मानसिक रुग्णाने गोळ्या झाडल्या. ते वाचले. १९४९ चे नोबेल त्यांना ल्यूकोटॉमीसाठी मिळाले. धमन्यांच्या चित्रणासाठी १९२८ आणि १९३३ मध्ये त्यांचे नाव सुचवले गेले होते, तेव्हा ते डावलले गेले. नोबेलच्या इतिहासात उलटी पावती देण्याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागेल. ल्यूकोटॉमीच्या रुग्णांच्या काही नातेवाइकांनी पुढे हे पारितोषिक मागे घ्यावे अशी मागणी केली, ती मान्य झाली नाही.

१३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये मोनिझ यांचे निधन झाले. आवांकातील त्यांचे घर आता संग्रहालय आहे. त्यांच्या निधनाच्या दोनच वर्षे आधी स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी सुईच्या भोकातून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती काढली. मान उघडायची गरज संपली. जाळीदार नळी बसवल्यावर काही महिन्यांनी रुग्णाला पुन्हा बोलावून औषध सोडतात आणि फुग्यात शिरलेला रंग तिथे किती वेळ रेंगाळतो ते पाहतात. धमन्यांच्या टप्प्यातच धुऊन निघतो, केशवाहिन्यांच्या टप्प्यापर्यंत टिकतो की नीला भरल्या तरी तसाच राहतो, यावर फुगा बंद होतो आहे का ते ठरते. हेच तीन टप्पे काल्दास यांच्या फिरत्या यंत्रावर एकामागून एक काचपट्टीवर उमटत असत.